नेमा, तुझ्या जावावर पुढं बसलो

नेमा,

तू गेलास आणि तुझ्या उठावण्याच्या बैठकीला सगळे एकच म्हणत होते : नेमीचंदभाऊ आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. बाजारातले अडते म्हणाले, ज्यांना तू भांडी विकलीस ते म्हणाले, आणि ‘ही बादली गळते, घेऊ नका’ म्हणून ज्यांना तू दुकानातून रिकाम्या हातानं परत पाठवलंस तेही म्हणाले. मीसुद्धा मान हलवली. माझी मान जाड आहे, हलली की चार ओळी मागच्या माणसालाही दिसते. ती हलवलेली मान आज मी परत घेतो आहे.

तू खोटारडा होतास. साधासुधा नाही. मी, किसन माळी, म्हणजे थापांचं कोठार, असं सारं रिसोड म्हणतं. तो किसन माळी पाच-सहा वर्षं तुझ्या पाठीमागं बसून फिरला आणि त्याला तुझा पत्ता लागला नाही, एवढा तू पोचलेला. मला हे कळून आज आठवडा झाला. भांडायला जावं तर तू नाहीस. म्हणून लिहितो.

आपण दोघं एकत्र फिरायला लागलो ते मैत्रीनं नाही, पेट्रोलनं. माझी बुलेट, तुझी जावा. मला कांद्याचं रोप पोचवायला मंगरूळपीर, कारंजा, कामरगाव करावं लागे आणि तुला त्याच वाटेवर लग्नाघरच्या भांड्यांची बोलणी करायची असत. एकाच रस्त्यावर दोन फटफट्या पुढंमागं धुरळा उडवत चालायच्या. मग तिकडं अरबांनी पेट्रोल महाग केलं आणि इकडं तू माझ्या मळ्यात येऊन उभा राहिलास. म्हणालास, “किसन, एका खेपेले तुही गाडी, एका खेपेले माही. काय म्हनतं?”

मी म्हटलं, “तुह्या गाडीवर बसून माह्या कांद्याले काही झालं तं?”

“मी कांदा खात नाई, पन वाहू शकतो. वाहनाऱ्याले पाप नाई लागत, खानाऱ्याले लागते.”

आणि खरंच, जन्मात कांदा न शिवलेला तू माझ्या रोपाच्या जुड्या ओल्या पोत्यात गुंडाळून टाकीवर पोटाशी धरून न्यायचास. कामरगावात उतरलास की तुझ्या सदऱ्याला असा वास यायचा की लोक विचारत, शेटजी, धर्म बदलला का.

बसायचा नियम मात्र पहिल्याच दिवशी ठरला आणि तो माझा होता. आमच्याकडं आपली बैलजोडी दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. बैल हातावर असतो, परका हात कासऱ्याला लागला की बिघडतो. मी म्हटलं, गाडीचंही तेच. ज्याची गाडी त्यानं हाकायची, दुसऱ्यानं मागं बसायचं. तुझ्या सात पिढ्यांत कोणी बैल पाळला नव्हता, पण तू गंभीरपणानं विचार केलास आणि म्हणालास, “बरोबर हाये. मले पटलं.” पोळ्याला मी बुलेटच्या हँडलला गोंडे बांधून तिला पुरणपोळी दाखवली, तेव्हा तूही जावा धुऊनपुसून घेऊन आलास. लाजत लाजत दिव्याच्या वर कुंकू लावलंस.

त्या नियमातच सगळा घोळ होता. तेव्हा आपल्याला तो दिसला नाही. मी कायम बुलेटवर पुढं बसलो आणि जावावर मागं. तू जावावर पुढं आणि बुलेटवर मागं. आणि एवढ्या भांडवलावर आपण दोघांनी वाशिमपासून कामरगावापर्यंतच्या एकूण एक चहाच्या टपरीवर निकाल मागितला, की लांबच्या पल्ल्याला आरामाची गाडी कोणती.

माझं म्हणणं सरळ होतं. गाडी जड पाहिजे. जड गाडी खड्ड्यात पडली तर खड्डाच दबतो. बुलेटची धडधड पायातून वर चढते आणि माणसाला पाळण्यात घातल्यासारखं होतं. मी एकदा मंगरूळपीरहून निघाल्या निघाल्या बुलेटवर झोपलो तो थेट कारंज्यात उठलो, मधली सगळी वळणं गाडीनं आपली आपण घेतली, हे मी तुझ्यासमोर लोकांना सांगितलं. तू चहा फुंकत म्हणालास, “खरं हाये. मी मांगून याचे कान धरून वळवत होतो.” लोक हसले ते तुझ्या वाक्याला. माझी थाप चांगली होती, पण तू तिच्यावर शेपूट लावलंस.

तुझं म्हणणं वेगळं. आराम वजनात नसतो, चालीत असतो. जड गाडी खड्डा सोसते, हलकी गाडी खड्डा चुकवते. जावाचा आवाज कानाला लागत नाही, पोचल्यावर माणूस बोलू शकतो. “तुह्या बुलेटवरून उतरलं का मले घंटाभर सगळ्या गावाचं फक्त तोंड हालताना दिसते,” असं तू म्हणायचास. मी म्हणायचो, तेच तर सुख आहे, कारंज्यातल्या गिऱ्हाइकांचं ऐकण्यासारखं आहे काय.

मधे ती राजदूत आली. आपल्या दोन्ही गाड्या एकदमच मिस्त्रीकडं उघडून पडल्या होत्या आणि ग्रामसेवकानं त्याची राजदूत दिली. परकी गाडी, म्हणून हाकायला दोघंही मोकळे. वाशिमला कुणाकडं तरी द्यायचा दुधाचा गडवा माझ्या मांडीवर होता. तिथं उतरलो तर गडव्यात लोणी. हे मी अजूनही शपथेवर सांगतो. तू तेव्हा गडव्यात डोकावून फक्त एवढंच विचारलंस, “मंग ताक कुठी गेलं?” मी तुझ्या धोतराकडं बोट दाखवलं. राजदूतवाल्यांनी रागावू नये. दूध वाहायला तिच्यासारखी गाडी नाही, पाठीचा कणा मात्र घरी ठेवून निघावं.

आणि दर खेपेला परतताना तुझी सूर्याशी शर्यत. दिवस बुडायच्या आत जेवायचं. कारंजा सोडताना तू कपाळावर हात धरून आभाळाकडं पाहायचास, जसं मी वांग्यावर कीड पाहतो. घरी पोचणं जमलं नाही तर रस्त्याच्या कडेला गाडी लावून डबा उघडायचास आणि मला अर्ध्या पुऱ्या द्यायचास. मी तुला सांगायचो की तू जावाचा कान पिळलास की सूर्य घाबरून हातभर वर चढतो, मी मागं बसून डोळ्यांनी पाहिलंय. तू चावत चावत म्हणायचास, “सांग जेवन होईतोवर थांब म्हना.” बाकीचे लोक माझ्या थापा ऐकत. तू त्यांत राहायला यायचास. असा ऐकणारा पुन्हा कुठून आणू, सांग.

माझी कंबर गेली ते वर्ष तुला आठवत असेल. विहिरीच्या पायरीवरून पाय घसरला आणि कमरेत अशी उसण भरली की शिंकायचं असलं तरी मी आधी बायकोला हाक मारायचो. महिनाभर खेपा बंद. बुलेटवर तर बसवेनाच. मग तू आलास, जावा घेऊन, आणि पाहतो तर सीट नवी. लाल रेक्झिन, कडेला पांढरी पट्टी.

मी म्हटलं, “हे काय बे? नवरी आनली का?”

“जुनं फाटलं होतं.”

“लाल काहून?”

“दुकानदाराकडं लालच होतं. बस मुकाट्यानं.”

बसलो. कमरेत कळ येईल म्हणून दात आवळून बसलो होतो, ती आली नाही. वाशिम गेलं, मंगरूळपीर गेलं, कळ आली नाही. कारंज्यात उतरल्यावर तू तुझा नेहमीचा प्रश्न विचारलास, “सांग, कसं वाटलं?” बुलेटची इज्जत राखायची म्हणून मी म्हटलं, “ठीक हाये. तुले कसं वाटलं?”

तू म्हणालास, “मले तं झोप येऊन राह्यली होती. गादी हाये गादी.”

त्यानंतर दर खेपेला तू हेच बोलायचास. कारंज्यात उतरून, हात वर करून आळस द्यायचास, कमरेला एक पीळ द्यायचास आणि म्हणायचास, गादी हाये. तो पीळ मला सुखाचा वाटायचा.

आता ज्या खेपेला तू नव्हतास तिचं सांगतो.

उठावणा होऊन काही दिवस गेले आणि सुशीलावहिनींनी मला बोलावलं. अंगणात जावा तुळशीच्या बाजूला, तू लावून गेलास तशीच उभी होती. वहिनी दारात बसल्या होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, गाडी विकून द्या.”

मी म्हटलं, “येवढी काय घाई हाये?”

“घाई नाई. पन दिवस कलला का गाडी अंगनात दिसते. मले वाटते आले. मी ताट वाढते.” त्यांनी पदराची कड हातात धरली. “काल पन वाढलं.”

माझ्याकडं नेमा, कुठल्याही प्रसंगाला पुरेल अशी एक थाप नेहमी तयार असते. त्या दिवशी कोठार उघडलं तर रिकामं.

“कोनालेबी देऊ नोका,” त्या म्हणाल्या. “जपनाऱ्याले द्या. तुमी येवढी वर्सं तिचे दोस काढले, तुमच्याहून जास्त तिले कोन वळखते?”

मंगरूळपीरहून एक मुलगा विचारत होता म्हणे. सलीम, दर्ग्याच्या वाटेवर त्याचं बांगड्यांचं दुकान आहे. मी म्हटलं, मीच गाडी घेऊन जातो. चावी घेतली. मी जावावर पाय टाकताना वहिनी म्हणाल्या, “पुढं बसून जाता? थांबा, उशी देऊ का?”

मी हसलो. म्हटलं, “वहिनी, माही उशी माह्यापाशीच हाये.” आणि निघालो.

परक्या हातानं बैल बिघडतो म्हणतात. त्या दिवशी माणूस बिघडला. माझ्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या, तुझ्या जावाचं सगळं उलटं. रिसोड संपतं तिथं एक म्हैस आडवी आली. मी डावा पाय दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी गिअर बदलून अंगात आल्यासारखी हुंकारली. म्हशीनं माझ्याकडं पाहिलं आणि ती स्वतःच दोन पावलं मागं सरकली. नंतर उजवा पाय सापडला. म्हशीला नमस्कार घातला. नेहमीप्रमाणं ‘पाह्यलं का बे’ म्हणून ओरडलो, आणि मागं कुणी नव्हतं.

पुढच्या एक-दोन गावांपर्यंत मला कळेना की काय दुखतंय. आधी वाटलं, मनच असेल. मग नीट लक्ष दिलं, तर मन नव्हतं. बूड होतं. नेमा, ती सीट आहे का मसाला वाटायचा पाटा? खालच्या पत्र्याचा एकेक खिळा मी मोजला असता. खड्डा आला की दात वाजत आणि खड्डा नसला की खड्ड्याची आठवण येई. मी म्हटलं, सीट दबली असेल, वापरून वापरून. पण दबायला तू होतास केवढा? ओल्या धोतरासकट काट्यावर घातला असता तर माझ्या एका मांडीएवढा भरला असतास.

वाशिमच्या अलीकडं निंबाखाली गाडी लावली. उतरून कमरेला पीळ दिला. तुझाच तो पीळ, हुबेहूब. मग मी सीटवर अंगठा दाबला, भोपळा पिकला का पाहतो तसा. पुढच्या भागात अंगठा जिथल्या तिथं. आत काथ्याचा एक पातळ थर, बस. मग मागच्या भागात दाबला. अंगठा आत गेला, पुरा आत. सावरीचा कापूस, मऊ, उशीत घालतात तसला. पांढऱ्या पट्टीपासून आडवी गेलेली शिवण स्पष्ट दिसत होती. तिच्या अलीकडं काही नाही, पलीकडं सगळं. पुढचं काढून मागं घातलेलं.

‘उशी देऊ का,’ असं वहिनी का म्हणाल्या ते मला त्या निंबाखाली समजलं. त्यांना माहीत होतं. कुणाच्या कमरेसाठी तेही माहीत होतं. कमी पडलेला कापूस त्यांच्याच घरच्या कुठल्यातरी गादीतून आला असणार.

मी तिथं किती वेळ बसलो सांगत नाही. खरं सांगितलं तर लोक थाप म्हणतील.

तू खोटं बोललास. एकदा नाही, दर खेपेला, कारंज्याच्या भर चौकात, हात वर करून. चातुर्मासातसुद्धा. ‘मले तं झोप येऊन राह्यली होती.’ त्या पाट्यावर? माझी सगळी थापेबाजी म्हणजे म्हशी, लोणी, हातभर चढलेला सूर्य; ऐकणाऱ्याला पहिल्या वाक्यात कळतं की किसन सुटला. तुझी एकच थाप, ‘गादी हाये गादी’, तीन शब्दांची, आणि तिच्यावर मी मांडी घालून बसलो होतो तरी मला दिसली नाही. आणि वर तुझ्याशी भांडत होतो की तुझी गाडी आरामाची नाही.

उठलो तेव्हा मी एक ठरवलं होतं. गाडी विकायची नाही. सौदा मोडायचा. त्याला मला एक थाप पुरे. म्हणायचं, इंजिन तेल पितं, चढावर बसकण मारतं. वहिनींना सांगायचं की गेली गाडी, आणि ती आणून माझ्या मळ्यात झापाखाली उभी करायची. वहिनींच्या अंगणातून गेली म्हणजे झालं ना? ताट वाढलं जाणार नाही, आणि तू माझ्याकडं राहशील. वाशिम ते मंगरूळपीर मी ही थाप घोळवून घोळवून इतकी गुळगुळीत केली की शेवटी मलाच इंजिनाची काळजी वाटायला लागली.

सलीम दुकानापुढंच उभा होता. तिशीच्या आतला, सडसडीत, बोलायला अदबशीर. गाडीभोवती एक फेरी मारली, कुठं हात लावला नाही. मग मला म्हणाला, “चाचा, तुमी बुलेटवाले ना? तुमाले सगळे वळखतात इथं. मले एक बुलेटबी मिळून राह्यली. तुमी खरं सांगा. कामरगावले माही खाला, अम्मीची बहीन, बिमार हाये, अम्मीले दर जुम्मेराती तिच्याकडं न्या लागते. बसमंधी अम्मीचे घुटने दुखतात, उभं राहा लागते. लांबच्या रस्त्याले आरामाची कोनती? बुलेट का जावा?”

बाजूला चहावाला होता. तोच, ज्याच्यापुढं आपण हा खटला वर्षानुवर्षं चालवला. त्यानं कपबशी खाली ठेवली आणि कान इकडं केला.

थाप माझ्या जिभेच्या टोकावर होती. मी तोंड उघडलं.

“जावा,” मी म्हटलं.

चहावाला म्हणाला, “काय म्हनता, किसनभाऊ?”

“जावा म्हनलं. बहिरा झाला काय?”

घे. ऐकलंस? मंगरूळपीरच्या भर बाजारात, साक्षीदारासमोर. जिवंत असतास तर तुझ्या तोंडावर मी हे मेलो तरी बोललो नसतो, आणि तुलाही ते आवडलं नसतं; मग पुढच्या खेपेला आपण बोललो काय असतो?

पण निकाल अर्धा सांगणं बरं नव्हे. सलीमनं अम्मीला गाडीवर बसून पाहायला हाक मारली; त्या आत चपला शोधत होत्या तेवढ्यात मी सलीमला बाजूला घेतलं आणि त्याचा अंगठा धरून सीटवर दाबला, आधी पुढं, मग मागं. म्हटलं, “पोरा, आराम हाये तो इथं मांगं हाये. पुढं बसनाऱ्याले पाटा हाये. लांबच्या रस्त्याले तुही कंबर जाईन. वाशिमले सीटवाला हाये, दोन्हीकडं कापूस सारखा करून देईन. मांगचं थोडं कमी होईन, पुढं थोडं येईन.”

त्यानं दोनदा पुन्हा अंगठा दाबून पाहिला.

मला वाटलं, झालं, आता हा बुलेट घेणार. जीव हलका झाला. माझी थाप वाचली आणि गाडीही वाचली.

अम्मी बाहेर आल्या. ठेंगण्या, भारी अंगाच्या, एका गुडघ्यावर हात. सलीमनं त्यांना पायरीवरून हळू मागं बसवलं, ओढणी चाकात जाणार नाही अशी मांडीखाली खोचली आणि स्वतः पुढं बसला. दर्ग्यापर्यंत जाऊन येतो म्हणाला. तो रस्ता तुला माहीत आहे, तिथं डांबर कमी आणि खड्डे जास्त. मी पाहत उभा राहिलो. तुझी गाडी मी आजवर लांब जाताना पाहिलीच नव्हती रे. मी नेहमी तिच्यावरच असायचो. चांगली दिसते. चाल खरंच मऊ आहे.

बऱ्याच वेळानं आले. अम्मींचा चेहरा पोरीसारखा झाला होता. उतरायच्या आधी त्यांनी सीटवर दोन्हीकडं तळवे दाबले. “ये तो गादी है बेटा,” त्या म्हणाल्या. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी पुढं वाकून विचारलं, “तेरे को भी ऐसाच है ना सामने?”

सलीमनं माझ्याकडं पाहिलं. तो खाली उतरला, कमरेला हात लावून हळूच एक पीळ दिला, आणि अम्मीला उतरवायला हात पुढं करत म्हणाला, “हाँ अम्मी. मेरे को तो तेरे से भी अच्छा है.”

नेमा, चावी मी तेव्हा त्याच्या हातावर ठेवली.